बीपी उतरल्यावर सांगू

“राग नका करू” हे शब्द या बुऱ्हाणपुरात माझ्याइतके कोणाला ऐकावे लागले असतील तर त्याने समोर यावं, मी भर शनवारा चौकात त्याच्या पाया पडतो. दूधवाला उखर्डू दुधात बेधडक पाणी घालतो आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतो, “सर, राग नका करू, तुम्हाले बीपी आहे.” जसं काही माझ्या तब्येतीसाठीच बिचाऱ्याने दूध पातळ केलंय. रिक्षावाला माझ्या पायावरून चाक नेतो आणि म्हणतो, “अंकल, गुस्सा मत करो.” अरे, पाय माझा, चाक तुझं, आणि शांत मी राहायचं?

बीपी मला आहे, मी नाकारत नाही. साधासुधा नाही, हट्टी आहे. चार प्रकारच्या गोळ्या घेतो, मीठ इतकं कमी खातो की वरण आणि कोमट पाणी यातला फरक मला फक्त रंगावरून कळतो, आणि तरी वरचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली यायला तयार नाही. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, वाढवून पाहिल्या, शेवटी माझ्याकडेच संशयाने पाहिलं. म्हणाले, “सर, गोळ्या नक्की घेता ना?” ज्या माणसाने जन्मभर पोरांना गणिताच्या गृहपाठाबद्दल हाच प्रश्न विचारला, त्याला तुम्ही रिटायर झाल्यावर हा प्रश्न विचारता?

पण माझा खरा राग डॉक्टरांवर नाही. माझा राग माझ्या घरावर आहे. बीपी वाढल्यापासून या घरात मला कोणी काही सांगत नाही. स्वयंपाकघराच्या छताला वरणाचा हा एवढा डाग पडला. विचारलं, काय झालं? माझी बायको शारदा म्हणाली, “कुठे काय? आधीपासूनच आहे.” कुकर फुटला, असं सांगितलं असतं तर मी काय कुकरला मारायला धावणार होतो? मुलगा चेतन एक दिवस कोपर सोलून आला. विचारलं तर म्हणे, “पप्पा, दाढी करताना लागलं.” दाढी! कोपराला! आणि बाहेर अंगणात स्कूटरचा दिवा लोंबत होता. मी ओरडलो, तर मायलेकांनी लगेच एकमेकांकडे पाहिलं, बघ, म्हणूनच सांगत नाही, अशा नजरेने. म्हणजे खोटं यांनी बोलायचं, आणि ते पकडल्यावर मी चिडलो की तो माझा आजार.

हेही मी पोटात घातलं असतं. पण पल्लवीचं काय?

पल्लवी माझी मोठी मुलगी. खंडव्याला दिली आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. पूर्वी येऊन-जाऊन भांडण व्हायचं आमचं. ती कॉलेजात असल्यापासून, राजकारणावरून, साडीवरून, भरताच्या वांग्यावरून, कशावरूनही. आता फोन उचलला की पहिला प्रश्न, “पप्पा, बीपी किती?” मग गोड आवाजात, “जेवण झालं? गोळी घेतली? छान.” दवाखान्यातली नर्स बोलते तसं. मी विचारतो, मोहितराव कसे आहेत? जावई कायम बाहेर गेलेले. सकाळी बाहेर, संध्याकाळी बाहेर, रविवारी बाहेर. मी आपला म्हणतो, “तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.” ती म्हणते, “हो पप्पा, सांगते.”

आणि मग ती आखाजीला आली नाही. अक्षय्यतृतीयेला, आमच्या आखाजीला, सासुरवाशीण माहेरी येते म्हणजे येते. गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरी आल्या, झोके बांधले, गाणी झाली, आणि माझं अंगण रिकामं. मी विचारलं तर शारदा भाकरीचं पीठ मळत म्हणाली, “तिच्या सासरी पाहुणे आहेत.” संक्रांतीलाही पाहुणेच होते. हे पाहुणे आहेत की भाडेकरू? मी खोलीत शिरलो की यांचं बोलणं बंद होतं. गल्लीतल्या बायका मला पाहून पदर तोंडाला लावतात. पल्लवीचं काहीतरी बिनसलं होतं, सगळ्या गल्लीला ते माहीत होतं, आणि तिच्या बापाला माहीत नव्हतं. मी सरळ विचारलं, दरडावून विचारलं, एकदा ताट ढकलून विचारलं.

शारदा म्हणाली, “आधी बीपी उतरू द्या. मग सगळं सांगते. देवाशपथ.”

ठरलं. बीपी उतरवायचा. मग काय वाटेल ते होवो.

चेतनने मला इंदूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, डॉक्टर सोलंकी. त्यांनी कागदावर दोन किडन्या काढल्या, चित्रकला यथातथाच होती, आणि हिंदीत समजावलं. किडनीकडे जी रक्तवाहिनी जाते तिच्याभोवती बारीक नसांचं जाळं असतं. या नसा मेंदूला सारखे निरोप पाठवतात आणि बीपी चढवून ठेवतात. तर जांघेतून एक बारीक नळी थेट तिथपर्यंत न्यायची, आणि आतून चटके देऊन त्या नसा गप्प करायच्या. कापाकापी नाही, पूर्ण भूल नाही. पण जादूही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आकडा थोडा उतरेल, हळूहळू उतरेल, एखादी गोळी कमी झाली तर झाली, आणि काहींना फरक पडतही नाही.

मी म्हटलं, “म्हणजे जो निरोप देतो त्याचीच बोलती बंद करायची.”

डॉक्टर खूश झाले. “बिल्कुल सही, सर!”

मी चेतनकडे पाहिलं. हे ऑपरेशन माझ्या घराने माझ्यावर वर्षभरापूर्वीच केलं होतं, तेही परवानगीशिवाय. चेतन छताचा पंखा पाहत होता.

डॉक्टरांनी आधी सगळ्या तपासण्या सांगितल्या. बीपी खरंच हट्टी आहे की फक्त दवाखान्यात डॉक्टर पाहून चढतो, हे ठरवायला एक यंत्र दंडाला बांधून दिलं. चोवीस तास बांधून ठेवायचं. दर अर्ध्या तासाने ते आपोआप दंड आवळतं, आणि तेवढा वेळ हात सरळ लोंबता ठेवायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. बाकी रोजचं आयुष्य जसं आहे तसं जगायचं.

रोजचं आयुष्य! ते यंत्र बांधून मी बुऱ्हाणपुरात उतरलो आणि माझं रोजचं आयुष्य संपलं. पहिला आला शेजारचा गिरधर. गिरधरची निंबोल्याला केळीची बाग आहे आणि जगातल्या प्रत्येक रोगावर त्याच्याकडे केळी हे एकच औषध आहे. त्याने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. “मास्तर, हे कायले बांधलं भो? रोज चार केळी खा, बीपी पाय लावून पळते.” मग नळी जांघेतून घालतात हे ऐकून तो एकदम गंभीर झाला. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, “मास्तर, तिथून जाता जाता भलतीच नस जळली तं?” मी काही बोलणार तेवढ्यात यंत्राने दंड आवळला. बोलायचं नाही! मी हात लोंबता ठेवून, डोळे वटारून त्याच्याकडे पाहत राहिलो. तो घाबरून उठला. जाताना शारदाला म्हणाला, “वहिनी, मास्तर आज लयच भडकेल दिसतात.”

त्याच दिवशी मोतीलालशेठची आई वारली होती. घरात मला अर्थातच कोणी सांगितलं नाही, बीपी! उखर्डूच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं. मोतीलालची दोन्ही मुलं माझे विद्यार्थी, न जाऊन कसं चालेल? गेलो. खाली सतरंजीवर सगळे माना खाली घालून बसलेले, कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. मी मोतीलालच्या खांद्यावर हात ठेवला, “फार वाईट झालं...” म्हटलं, आणि दंडावरचं यंत्र घुर्र करून फुगायला लागलं.

मी नियमाचा माणूस. हात लगेच खाली सोडला, तोंड बंद केलं, आणि सांगितल्याप्रमाणे पुतळ्यासारखा बसून राहिलो. मोतीलालने विचारलं, “सर, काय होतंय?” मी गप्प. त्याने परत विचारलं. मी गप्प. मग कोणीतरी ओरडलं, “सरांना लकवा मारला! हात पहा, लोंबतोय!” दुसरा म्हणाला, लकवा नाही, फिट आहे. एका क्षणात मला त्या सतरंजीवर आडवं केलं. एक जण तळपाय घासायला लागला. आणि मोतीलालच्या थोरल्याने, ज्याला मी तीनचा पाढा तीन वर्षं शिकवला, त्याने दारातली चप्पल आणून माझ्या नाकाला लावली. फिट आली की चप्पल हुंगवतात ना! कोणाची चप्पल होती देव जाणे. मेलेल्या बाईसाठी आलेले सगळे लोक माझ्याभोवती गोळा झाले. आतून बायका रडायला लागल्या, आणि त्या कोणासाठी रडत होत्या हे मला आजतागायत नीट कळलेलं नाही.

दंड सैल झाला तसा मी उठून बसलो आणि जे काही मनात होतं ते सगळं बोललो. शोकाच्या घरी बोलू नये असंही बरंच बोललो. मोतीलालने हात जोडले. म्हणाला, “सर, राग नका करू.”

डॉक्टर सोलंकींनी नंतर यंत्रातले आकडे पाहिले. एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, “सर, शाम छह बजे क्या हुआ था?” मी म्हटलं, “चप्पल.” त्यांनी पुढे विचारलं नाही. पण दिवसभरात एकदाही आकडा ताळ्यावर आला नव्हता, झोपेतसुद्धा नाही. किडनीच्या रक्तवाहिनीचे फोटो निघाले, रक्त तपासलं, लघवी तपासली, गोळ्या नर्सच्या समोर घ्यायला लावल्या. शेवटी माझा बीपी अस्सल आहे असं सिद्ध झालं. निर्दोष सुटल्यासारखं वाटलं मला.

आता विमा कंपनीची परवानगी. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं तर बीपी वाढेल. कचेरीतल्या बाबूने अर्ज पाहिला आणि चष्मा वर केला. “सर, बीमारी कौनसी है?” बीपी. “इलाज कहाँ होगा?” किडनीच्या रक्तवाहिनीत. “और जलाना क्या है?” नसा. तो खुर्चीत मागे रेलला. बीपी म्हणजे हृदय विभाग, किडनी म्हणजे किडनी विभाग, नस म्हणजे मेंदू विभाग. तिन्ही विभागांचे साहेब वेगळे. मी म्हटलं, तिघांनाही पाठव. तो म्हणाला, तिघांना पाठवायला अर्ज तीन पाहिजेत आणि रोगी एक आहे.

मग सुरू झाल्या चकरा. दर वेळी बाबू हसून म्हणायचा, “सर, चल रही है. ऊपर गई है.” असं सगळं वैशाख-जेठाचं ऊन मी त्याच्या पायरीवर काढलं. शेवटी एक दिवस बाबू रजेवर होता आणि टेबलावर एक नवी मुलगी बसली होती, पूजा नावाची. तिला कोणी काही शिकवून ठेवलं नव्हतं. ती सरळ म्हणाली, “अंकल, आपकी फाइल तो पहिल्याच महिन्यात गुम झाली.”

गुम झाली! आणि हा माणूस मला ‘चल रही है’ सांगतोय! दुसऱ्या दिवशी मी बाबूला गाठला. त्याने शांतपणे कबूल केलं. “सर, आपके बेटे ने ही बोला था. कोई बुरी खबर पप्पा को डायरेक्ट नहीं बताना.”

म्हणजे बीपी कमी करायच्या इलाजाचे कागद हरवले हे मला बीपी आहे म्हणून सांगितलं नाही! मी त्या कचेरीत इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला वर आला. चेतनला घरी येऊन विचारलं तर तो म्हणाला, “पप्पा, मी तुमच्यासाठीच केलं ना. टेन्शन मत लो.” मला त्या पोराचा इतका संताप आला की तिथे थांबवेना. मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. नवे कागद गेले, पूजाने स्वतः मागे लागून पाठवले, आणि परवानगी आली. हृदय विभागातून आली. एवढं मात्र माझ्यापासून कोणी लपवलं नाही.

इंदूरला निघालो तेव्हा गाडीत मी, शारदा, चेतन, गल्लीतलाच ड्रायव्हर आणि गिरधरने जबरदस्तीने ठेवलेला केळीचा घड. असीरगड मागे पडला. मी म्हटलं, खंडव्याला पल्लवीकडे दोन मिनिटं थांबू. शारदा म्हणाली, “तिच्याकडे सगळे लग्नाला गेलेत, हरद्याला.” त्याच वेळी चेतन म्हणाला, “ते लोक ओंकारेश्वरला गेलेत.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निदान खोटं तरी ठरवून बोलावं माणसाने!

“गाडी थांबव,” मी म्हटलं. “मी तिच्या दारात जाणार. कुलूप असेल तर कुलूप पाहीन.”

शारदाने माझा हात धरला. घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणात ती कधी रडली नव्हती, तिला उलट बोलायची सवय आहे. ती म्हणाली, “माझ्या बाबांना लकवा झाला तो अशीच एक बातमी ऐकून. सात वर्षं मी त्यांना अंथरुणात पाहिलंय. तुम्ही आधी हे करून घ्या. मी पाया पडते तुमच्या.”

चीड तर आली होतीच, पण ती तिच्यावर काढता येईना. गाडी खंडव्याच्या बाहेरून गेली. मी खिडकीतून गावाची घरं पाहत होतो आणि माझी मुलगी त्यातल्या कुठल्या घरात काय भोगते आहे, हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ड्रायव्हरलासुद्धा. कारण त्याने न सांगताच बायपास घेतला होता.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. आदल्या दिवशी एका वॉर्डबॉयने माझी अशा जागी हजामत केली जिथे आजवर कोणा परक्याची नजर गेली नव्हती, आणि करता करता तो मोबाइलवर क्रिकेटची कॉमेंटरी ऐकत होता. आत अर्धवट गुंगीत होतो. पोटाच्या मागे, कमरेत खोल कुठेतरी एकेक चटका बसायचा आणि डॉक्टर म्हणायचे, “बस अंकल, रिलॅक्स.” सर होतो तो टेबलावर चढल्यावर अंकल झालो. नंतर पाय सरळ ठेवून तासन् तास उताणं पडायचं. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची आख्खी सासुरवाडी येऊन मला पाहून गेली. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, नस जाळल्यावर माणसाला राग येणं बंद होतं काय? मी म्हटलं, जवळ या, दाखवतो.

दुसऱ्या दिवशी बीपी मोजला. एकशे अठ्ठ्याहत्तर. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, सांगितलं होतं ना, हळूहळू उतरतो, दोन-तीन महिने द्या. मी शारदाकडे पाहिलं. ती केळी सोलत होती. तोवर ही बाई तोंड उघडणार नाही हे मला कळलं.

ते महिने मी कसे काढले माझं मला ठाऊक. मीठ नाही, भांडण नाही, रविवारी तो गोड फोन. पण आकडा खरंच उतरायला लागला. गणपती उठले तेव्हा एकशे चाळीसच्या आत आला आणि डॉक्टर सोलंकींनी फोनवर एक गोळी बंद केली. मी फोन ठेवला, खुर्ची अंगणात मांडली आणि म्हटलं, “बसा सगळे. सांगा.”

आता यांची गंमत पहा. सरळ सांगतील तर शपथ! चेतनने घरचं बीपीचं मशीन आणलं, माझ्या दंडाला बांधलं. गिरधरही येऊन बसला, त्याला बोलावलं कोणी होतं देव जाणे. आधी छोटी बातमी सांगायची, मग मोजायचं, मग त्याहून मोठी, असं यांचं ठरलं होतं. परीक्षेला बसवल्यासारखा मी मध्ये.

“कुकर फुटला होता,” शारदा म्हणाली. मोजलं. एकशे चौतीस.

“स्कूटर मी ठोकली होती, एका म्हशीला,” चेतन म्हणाला. एकशे छत्तीस. “म्हैस ठीक आहे,” त्याने घाईघाईने जोडलं.

“मास्तर, तुमची शिडी माझ्याकडून मोडली,” गिरधर म्हणाला. हे त्याने मधल्यामध्ये उरकून घेतलं. एकशे चाळीस.

“पल्लवी,” मी म्हटलं.

मग शारदाने पदर हातात गुंडाळला आणि जमिनीकडे पाहत सांगितलं. मोहित हात उचलायचा. एकदा नाही, पुष्कळदा. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस पल्लवी बॅग घेऊन निघाली, खंडव्याहून गाडीत बसली, आणि गाडीतून तिने आईला फोन केला, मी घरी येतेय. त्या दिवशी माझा बीपी दोनशेवर होता. डॉक्टर घरी आले होते. शारदा तिला म्हणाली, आज घरी नको येऊ, माझ्या बाबांना झालं तसं यांना होईल. नेपानगरला उतर, मावशीकडे. तेव्हापासून ती तिथेच आहे, कविताकडे.

नेपानगर! खंडव्याहून येताना बुऱ्हाणपूरच्या अलीकडे येतं नेपानगर. घराच्या इतकी जवळ आलेली माझी पोर माझ्या बीपीचं नाव ऐकून आधीच उतरली. आखाजीला ती नेपानगरात होती. इंदूरला जाताना खंडव्याची घरं मी डोळे फाडून पाहत होतो, तेव्हाही नेपानगरात होती. आणि ज्या बाईने तिला मार खाताना पाहिलं त्या बाईला मी दर रविवारी नमस्कार सांगत होतो!

चेतन मशीनचं बटण दाबायला लागला. मी पट्टा ओढून काढला आणि अंगणात फेकला. मला राग आला होता. उखर्डूचा येतो, बाबूचा येतो, तसला नाही. मी ओरडलोसुद्धा नाही. गिरधरला म्हटलं, “गाडी काढ. एक शब्द बोललास तर उतरून पायी जाईन.” वाटेत तो खरोखरच एक शब्द बोलला नाही.

कविता नेपानगरला पेपर मिलच्या क्वार्टरांमागे राहते. दार पल्लवीने उघडलं. वाळली होती. मला पाहून तिने दाराची चौकट धरली आणि म्हणाली, “पप्पा, बीपी किती आहे?”

“चुलीत गेला बीपी,” मी म्हटलं. “तू मला का नाही सांगितलंस?”

आणि मग ती जी सुटली! “कसं सांगू? कोणाला सांगू? आई म्हणाली, पप्पा मरतील. चेतन म्हणाला, पप्पांना शॉक देऊ नको. मी इथे रडायचे आणि रविवारी तोंड धुऊन तुम्हाला विचारायचे, गोळी घेतली का! आणि तुम्ही! सासूबाईंना नमस्कार सांग! दर रविवारी! कधी एकदा तरी विचारलंत का, पल्लवी, तू अशी काय बोलतेस?” तिचा आवाज चढत गेला. शेजारच्या क्वार्टरांची दारं उघडली. कविता आतून धावत आली, “अगं हळू, अगं भाऊजींचा बीपी...”

“बोलू दे तिला!” मी ओरडलो. “किती दिवसांनी माझ्याशी कोणी नीट भांडतंय.”

पल्लवी थांबली. धापा टाकत होती. मी आत जाऊन पलंगावर बसलो, ती समोर उभी राहिली.

“मी आत्ता खंडव्याला जातो,” मी म्हटलं. “त्याच्या दारात उभा राहून...”

“नाही जायचं.” ती म्हणाली. “मी त्याच्यावर केस टाकलीय. दोन तारखा झाल्या. मावशी आली होती सोबत.”

कविता मान खाली घालून उभी होती. पल्लवी माझ्या शेजारी बसली, आणि आता हळू बोलायला लागली.

“कोर्टात सगळे मला समजावतात पप्पा. वकील समजावतो. मोहितचे काका समजावतात. समजावणीला बसवतात, तिथली बाई पण म्हणते, जुळवून घ्या. मावशी म्हणते, शांत रहा. मोहित तिथे हसत उभा असतो. एवढ्या माणसांत एकालाही राग येत नाही. मला वाटायचं, मी घरी असते ना, तर पप्पांना आला असता. मला फक्त एवढं पाहिजे होतं, की माझ्यासाठी कोणाला तरी राग यावा.”

कविताने पाणी आणून दिलं, ते मी हातात धरून बसलो. बाहेर गिरधर गाडीपाशी उभा राहून शेजाऱ्यांना काहीतरी सांगत होता, बहुतेक केळ्यांबद्दल.

“पुढची तारीख कधी आहे?” मी विचारलं.

“सोमवारी.”

“बॅग भर,” मी म्हटलं. “सोमवारी मी येतो सोबत. सकाळच्या गोळ्या घेऊ आणि मग तिथे जाऊन चिडू.”